पाच बोटांचा उंदीर

प्राणिशास्त्रातले मोठे शोध शांत डोक्याने, स्थिर हाताने आणि निर्भय मनाने लावले जातात. ही गोष्ट ज्या शोधाची आहे, तो लावणारी मुलगी त्या क्षणी बियाणे भांडारातल्या टेबलावर चढली होती. डोळे गच्च मिटून ती "उंदीर! उंदीर! उंदीर!" असं इतक्या जोरात ओरडत होती, की बाहेर रोपांना पाणी घालणाऱ्या मावशीच्या हातातली झारी खाली पडली.

मुलगी अकरा वर्षांची होती आणि घरीदारी सगळे तिला 'धाकधूक' म्हणत. बस चुकली तर काय, ही तिची पहिली काळजी. बस मिळाली आणि ड्रायव्हरला डुलकी लागली तर काय, ही दुसरी. सुट्टीत ती धाकट्या बहिणीला घेऊन मावशीकडे आली होती. मावशी जंगलाच्या कडेला असलेल्या सरकारी रोपवाटिकेत रोपांची देखभाल करायची. आल्यापासून चार दिवसांत धाकधूकने वणवा, भूकंप आणि छप्पर कोसळणं अशा तीन सूचना दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा मोठ्यांनी हसून तिच्या पाठीवर थोपटलं होतं. पाचव्या दिवशी तिने उंदीर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर सगळ्यांचा तत्काळ विश्वास बसला.

तिथेच घोळ झाला.

"मी म्हणतच होतो!" भांडारपाल काका म्हणाले. ते असं काही म्हणत नव्हते, पण त्यांची तशी सवयच होती. झाडांच्या बियांच्या साठ पोत्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि गेल्या महिन्यापासून त्या पोत्यांचं वजन घटत चाललं होतं. का, ते कळत नव्हतं. पोती उघडून बघण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येक पोत्याच्या तोंडाला लाखेचं सील होतं. "सील शाबूत, तर माल शाबूत!" हे काकांचं ठाम मत. रोज सकाळी ते प्रत्येक पोत्यावर बाहेरून दोन थापा मारत, कान लावून ऐकत आणि समाधानाने पुढच्या पोत्याकडे वळत.

त्याच संध्याकाळी काकांनी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी चोर सापडला!

"आता बघा," त्याला काचेच्या मोठ्या बरणीत टाकून झाकणाला भोकं पाडत काका म्हणाले, "आज चार वाजता वनखात्याच्या मोठ्या बाई तपासणीला येतायत. त्याआधी, बरोबर तीन वाजता, भांडाराच्या मागचा तो पालापाचोळ्याचा ढीग पेटवून टाकतो. उंदरांचं माहेरघर आहे ते! मग भांडारात विषाच्या गोळ्या. आणि हे सगळं कुणामुळे? आपल्या धाकधूकमुळे! शाब्बास, पोरी!"

बरणीत मूठभर धान्य आणि पावाचा तुकडा टाकून ते मोठेपणाने म्हणाले, "खाऊ दे बिचाऱ्याला शेवटचं." आणि निघून गेले.

बरणीभोवती तीन डोकी जमली. मावशीचा मुलगा तेरा वर्षांचा. त्याने स्वतःच स्वतःची 'कॅप्टन' म्हणून नेमणूक केली होती. धाकधूकची आठ वर्षांची बहीण सगळ्या खेळांत लिंबूटिंबू म्हणून घेतली जायची, त्यामुळे तिचं नावच लिंबूटिंबू पडलं होतं. आणि धाकधूक.

"कसला फालतू उंदीर आहे," कॅप्टन म्हणाला. "माझ्या अंगठ्याएवढा. यासाठी टेबलावर चढलीस?"

"मी डोळे मिटले होते. मला मोठा वाटला."

"डोळे मिटल्यावर तुला तो किती मोठा वाटला?"

"साधारण मांजराएवढा," धाकधूकने प्रामाणिकपणे सांगितलं.

पण आता तिचे डोळे उघडे होते आणि जे दिसत होतं ते तिला अजिबात आवडत नव्हतं. बरणीतल्या प्राण्याचं नाक लांब, टोकदार आणि सारखं थरथरत होतं. डोळे टाचणीच्या डोक्याएवढे. मऊ करड्या अंगाला एक उग्र वास येत होता. त्याने धान्य हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाव हुंगला आणि तोंड फिरवलं. मग तो काचेवर नाक टेकून तसाच बसून राहिला.

"हा खात का नाही?" धाकधूक म्हणाली.

"भूक नसेल."

"पोत्यांतलं बी खाणारा उंदीर, आणि धान्य नको म्हणतो?"

"लाडावलेला असेल!" लिंबूटिंबूने सुचवलं.

"मघाशी तो धावत होता. आता बसलाय. बघ, बसलासुद्धा नाहीये, कलंडतोय! कॅप्टन, हा मरतोय!"

"धाकधूक, तुला सगळेच मरताना दिसतात. परवा मला नुसती शिंक आली, तर तू..."

पण धाकधूक तोवर मावशीच्या खोलीत पोचली होती. कपाटावर वन्यप्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक धूळ खात पडलं होतं. ती ते उराशी धरून धापा टाकत परत आली आणि पानं उलटू लागली. वाघ, अस्वल, कोल्हा... लहान प्राण्यांना शेवटी दोनच पानं दिली होती, तीही एकत्र.

"सापडलं! 'रानचिचुंद्री. लांब टोकदार नाक, अतिशय बारीक डोळे. दिसायला उंदरासारखी, पण उंदरांशी काही नातं नाही. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात, हिच्या पायाला पाच.'"

लिंबूटिंबूने बरणी उचलून बुडाकडून पाहिलं. "एक, दोन, तीन, चार... पाच! आणि या पायाला पण पाच!"

"'राहण्याची जागा: जंगलातला ओलसर पालापाचोळा आणि कुजक्या ओंडक्यांखालच्या पोकळ्या. खाणं: किडे, अळ्या, गांडुळं. दिवसरात्र सतत खावं लागतं...'" धाकधूकचा आवाज एकदम बारीक झाला. "'काही तास उपाशी राहिली तर मरते.'"

कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. सापळ्यात ती कधी अडकली, कुणालाच माहीत नव्हतं.

"किडे!" कॅप्टन ओरडला. "लवकर! मागच्या ढिगाकडे!"

भांडाराच्या मागे, जंगलाला लागून, वर्षानुवर्षांचा पाला साचला होता. वरची पानं वाळलेली होती. पण हात खाली घातला की गारवा लागायचा, आणि आणखी खाली गेलं की ओली काळी माती. मधोमध एक जाड ओंडका कुजत पडला होता. लिंबूटिंबू किड्यांच्या बाबतीत अतिशय शूर होती. तिने एक साल उचकटली आणि हां हां म्हणता मूठभर गुबगुबीत अळ्या गोळा केल्या.

"ईऽऽ!" कॅप्टन म्हणाला आणि मग आपण कॅप्टन आहोत हे आठवून खाकरला. "छान. चांगल्या आहेत."

"श्श!" धाकधूक ओंडक्याजवळ गुडघे टेकून बसली. ओंडक्याखाली रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक होतं. आतून टाचणीने काच खरवडावी तसा बारीक आवाज येत होता. तिने हलक्या हाताने दोन पानं बाजूला केली. आत कुरतडलेल्या पानांचं वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात पाच करडे जीव एकमेकांना चिकटून किचकिचत होते.

धाकधूकने ती पानं अलगद परत जागेवर ठेवली.

"म्हणजे बरणीतली यांची आई आहे," लिंबूटिंबू म्हणाली.

"आणि तीन वाजता काका हा ढीग पेटवणार," कॅप्टन म्हणाला.

"आणि मी ओरडले म्हणून पेटवणार," धाकधूक म्हणाली. आजवर तिने ज्या ज्या संकटांची काळजी केली होती, त्यातलं एकही तिने स्वतः आणलेलं नव्हतं. हे पहिलंच.

अळ्या बरणीत पडल्या मात्र, कलंडलेली चिचुंद्री ताठ झाली. थरथरतं नाक वळलं आणि कुरूम, कुरूम, कुरूम! चार मिनिटांत सगळ्या अळ्या फस्त. पाचव्या मिनिटाला ती आणखी मागत होती.

भांडारपाल काका ऑफिसात टेबल आवरत होते, म्हणजे टेबलावरचे कागद कपाटात कोंबत होते. मावशी त्यांना मदत करत होती. बरणी टेबलावर ठेवून तिघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस ऐकून घेण्याआधीच ठरवून बसला की शांतता आपोआप येते.

"चिचुंद्री म्हणजे उंदरातलाच प्रकार," ते म्हणाले. "माझ्या फॉर्मवर 'उंदीर' असा एकच रकाना आहे. चिचुंद्रीला रकानाच नाही!"

"पण काका, ती बी खातच नाही! ती किडे खाते!"

"पुराव्याने बोला." काका उठले आणि भिंतीतलं काचेचं कपाट उघडलं. त्यात भुसा भरून ठेवलेले जंगलातले लहान प्राणी होते. रोपवाटिकेत कुठलाही प्राणी सापडला, की या कपाटातल्या नमुन्यांशी ताडून बघायचा, अशी तिथली रीत होती. काकांनी अकरा नंबरचा नमुना काढून बरणीशेजारी ठेवला. खाली चिठ्ठी होती: 'रानउंदीर'.

"आता बोला! हुबेहूब आहे की नाही?"

होता. तेच नाक, तोच करडा रंग. कॅप्टनचा चेहरा पडला. "अरे बापरे," तो पुटपुटला.

धाकधूक मात्र चिठ्ठीकडे बघत होती. तिला कशाचीच खात्री वाटत नसे, आणि त्यात चिठ्ठ्याही आल्या.

"काका, ही चिठ्ठी कुणी लिहिली?"

"मी! अठरा वर्षांपूर्वी."

"आणि हा उंदीर आहे, हे कशावरून ठरवलं?"

"कशावरून म्हणजे? चिठ्ठीवर लिहिलंय ना!"

"पण चिठ्ठी तर तुम्हीच लिहिली."

"म्हणून तर एवढी खात्री आहे!"

धाकधूकने बोटाने नमुन्याच्या पंज्यावरची धूळ पुसली. "एक, दोन, तीन, चार, पाच. काका, याला पण पाच बोटं आहेत. उंदराला पुढे चारच असतात."

काकांनी चष्मा लावून मोजलं. मग चष्मा काढून मोजलं. "असतं एखाद्याला एक बोट जास्त."

"दोघांनाही?"

"नातेवाईक असतील."

मावशीला हसू आवरेना, पण लगेच ती गंभीर झाली. "अहो, पोरं म्हणतायत त्यात काहीतरी आहे हो. बाई येईपर्यंत थांबा की."

"मावशी, तूच थांबव ना!" लिंबूटिंबू म्हणाली.

"अगं, शेवटच्या वाफ्यापर्यंत माझी हद्द. भांडार आणि मागचं आवार काकांकडे."

"आणि बाईंना मागे घाण दिसलेली चालणार नाही," काकांनी निकाल दिला. "तीन म्हणजे तीन!"

ऑफिसाबाहेर धाकधूक बोटांवर तास मोजू लागली. "तीनला आग. चारला बाई. मधला एक तास, कॅप्टन! तो एक तास कुठून आणायचा?"

कॅप्टन खिडकीतून आत बघत होता. काकांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, म्हणजे काकांना कधीच दिसणार नाही अशा जागी, भिंतीवर एक फलक होता. कॅप्टनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

पावणेतीन वाजता काका काड्यापेटी घेऊन निघाले, तेव्हा तो दारातच उभा होता.

"काका, वाळूच्या बादल्या कुठे ठेवू?"

"कसल्या बादल्या?"

कॅप्टनने फलक मोठ्याने वाचला. "'आवारात आग पेटवण्यापूर्वी वाळूच्या चार आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ भरून ठेवाव्यात. हुकमावरून.' खाली मोठ्या बाईंची सही आहे. मला वाटलं, येताच पहिल्यांदा त्या तेच बघतील."

काकांचं धाबं दणाणलं. आगीच्या लाल बादल्या ओळीने खुंटीवर टांगलेल्या होत्या आणि अठरा वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. पहिलीत काकांची छत्री होती. दुसरीत जुन्या किल्ल्या. तिसरीत चिमणीने संसार थाटला होता. चौथीला बूडच नव्हतं, हे ती वाळूने भरून उचलल्यावर कळलं.

"काका, सांडली!" कॅप्टन अतिशय दुःखाने म्हणाला.

"दिसतंय मला!"

"फावडं आणू? की पत्रा? पत्रा गोदामात आहे. गोदामाची किल्ली कुठली? या बादलीतलीच असेल ना एखादी?"

बादलीत एकशे बारा किल्ल्या होत्या.

तेवढ्यात धाकधूक बरणी घेऊन ढिगाजवळ पोचली. बरणीत आई, ओंडक्याखाली पिल्लं. बरणीतली चिचुंद्री हा त्यांचा एकमेव पुरावा होता. ती सोडली, तर बाईंना दाखवणार काय? आणि नाही सोडली, तर पिल्लांना घेऊन जाणार कोण?

"ताई, काय करायचं गं?" लिंबूटिंबूने विचारलं.

"मला नाही माहीत!" धाकधूकच्या डोळ्यांत पाणी आलं. सोडली आणि ती पिल्लांना टाकून पळाली तर? नाही पळाली आणि आतच बसून राहिली तर? सगळी सोबत जळली तर? इतक्या 'तर'मधून वाट काढणं तिला कधीच जमलं नव्हतं.

तिने बरणी आडवी केली आणि झाकण उघडलं.

चिचुंद्री बाहेर आली. नाक उंचावून हवा हुंगली. आणि पाणी वाहावं तशी सरळ ओंडक्याखालच्या भोकात शिरली.

मग काहीच घडलं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. भोक नुसतं भोकासारखं राहिलं. लांबून बादल्या खणखणल्याचा आवाज आणि "ही नाही, काका, ती पितळेची बघा!" असा कॅप्टनचा धीर देणारा स्वर येत होता. सव्वातीन. साडेतीन. पावणेचारला काका आले. घामाघूम, कोपरापर्यंत वाळू आणि कपाळावर आठ्यांचं जाळं. कॅप्टन मागोमाग शेवटची बादली ओढत होता. यापेक्षा जास्त मला जमलं नाही, असं त्याने डोळ्यांनीच सांगितलं.

काकांनी काडी ओढली.

धाकधूक ओंडक्यावर चढून उभी राहिली.

"खाली उतर!"

"नाही!"

"तुला भीती नाही वाटत?"

"खूप वाटते!"

"मग उतर की!"

"भीती वाटते म्हणून तर उभी आहे!"

काडी काकांच्या बोटापर्यंत जळत आली. "आऊच!" त्यांनी ती टाकली. ती बादलीतल्या वाळूत पडून विझली, त्यामुळे फलकाचा उपयोग झाला, हे नोंदवायला हवं. त्यांनी दुसरी काडी काढली, आणि तेवढ्यात जीपचं दार आपटलं.

"इथे काय चाललंय?"

मोठ्या बाई उंचीने लहान होत्या, पण आवाज ऐकल्यावर ते कुणाच्या लक्षात राहत नसे. मागून मावशी धावत आली. धाकधूकने ओंडक्यावरूनच सगळं सांगून टाकलं, एका दमात: उंदीर, टेबल, नाक, अळ्या, बोटं, अकरा नंबर, पिल्लं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "आणि तो प्राणी कुठे आहे?"

"मी... सोडला."

"सोडला!" काका गोड हसले. "पुरावाच सोडला, बाई. पोरंच ती. उंदराला घाबरून आधी टेबलावर आणि आता ओंडक्यावर."

बाईंनी धाकधूककडे पाहिलं. धाकधूकने जमिनीकडे पाहिलं. म्हणून तिला ते सगळ्यांच्या आधी दिसलं.

भोकातून एक लांब नाक बाहेर आलं. मागोमाग आई. आईच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी धरून पहिलं पिल्लू, त्याच्या शेपटीला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, मग चौथं, पाचवं! हातभर लांबीची करडी माळ, एकही मणी न तुटता, पाल्यावरून सरपटत निघाली.

"कुणी हलू नका!" बाई कुजबुजल्या.

माळ काकांच्या बुटावरून गेली. काका एक पाय उचलून बगळ्यासारखे उभे होते, तो पाय खाली ठेवायची त्यांची हिंमत होईना. माळ बाईंच्या बुटाला वळसा घालून गेली, बादल्यांच्या मधून गेली आणि थेट भांडाराच्या दाराखालच्या फटीतून आत शिरली.

"पाहिलंत!" काका ओरडले. "बी खायलाच चालली!"

"उघडा दार," बाई म्हणाल्या.

आत सातव्या पोत्यामागे माळ थांबली होती. आईने पिल्लांना कोपऱ्यात बसवलं आणि नाक पोत्याखाली खुपसलं. पोत्याच्या बुडाशी पिठासारखी पिवळसर भुकटी साचली होती. काकांची थाप तिथवर कधी पोचलीच नव्हती.

"हे पोतं फोडा."

"बाई, पण सील... सील शाबूत आहे!"

"म्हणूनच फोडा."

सील तुटलं. पोतं कलंडलं आणि बियांबरोबर बारीक तपकिरी भुंगेऱ्यांचा लोंढा जमिनीवर सांडला. प्रत्येक बीला सुईने पाडावं तसं गोल भोक होतं. मावशीने एक बी फोडलं. आत पांढरी अळी वळवळत होती. "पावसात भिजलेलं बी न वाळवताच सील केलं होतं," ती हळूच म्हणाली.

कोपऱ्यातून चिचुंद्री झेपावली. कुरूम, कुरूम! भांडारात आपलं काम चोख करणारी ती एकटीच होती.

मग बाईंनी धाकधूकच्या खांद्यावर हात ठेवला. "काल चुकून ओरडलीस, तर आज ते निस्तरायला आगीपुढे उभी राहिलीस. मोठ्या माणसांना एवढं जमत नाही. शाब्बास!"

"वाळूची कल्पना माझी होती," कॅप्टन म्हणाला.

"अळ्या माझ्या!" लिंबूटिंबू म्हणाली.

"तुम्हीही शाब्बास," बाई म्हणाल्या. "विषाच्या गोळ्या रद्द. साठही पोती उद्या उन्हात. ढिगाला कुणी हात लावायचा नाही. आणि भांडारपाल, अकरा नंबरची चिठ्ठी."

"लिहितो, बाई," काका म्हणाले. त्यांनी 'रानउंदीर' खोडून 'रानचिचुंद्री' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि थोडं लांबून वाचून पाहिलं. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले.

मावशीने त्या रात्री तिघांना आपल्या हाताने वाढलं आणि सगळी गोष्ट पुन्हा दोनदा ऐकली. धाकधूकने मात्र ताट तसंच ठेवून विचारलं, "उद्या बाईंची बदली झाली तर? आणि कुणी नवीन आलं, आणि त्याने ढीग पेटवला तर?"

हा मुद्दा इतका बरोबर होता, की या वेळी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशीने तो बाईंना कळवला. बाईंनाही तो पटला. ढिगासमोर 'रानचिचुंद्रीचे निवासस्थान. आग लावू नये' अशी पक्की पाटी उभारण्याचा प्रस्ताव त्यांनी त्याच दिवशी सही करून वरच्या कार्यालयात पाठवला.

पाटी मंजूर व्हायला साधारण दोन वर्षं लागतात. रानचिचुंद्री दीड वर्ष जगते.